ऐनाची बेंबी

इंजिनाला हार घालायचा की नाही, यावरून भोईरांच्या वखारीत सकाळी सातलाच वाजलं. हार एकच आणलेला. पंढरीबाबांचं म्हणणं, हार करवतींना. चाळीस वर्षं करवतींनी घर पोसलं, इंजिनानं अजून एक ढलपी काढलेली नाही. गोपीनाथचं म्हणणं, आज मुहूर्त इंजिनाचा आहे, करवतींना दसऱ्याला घालतोच की. थोरला रघु काहीच म्हणत नव्हता. तो नुसता जाऊन करवतींच्या बाजूला उभा राहिला होता, म्हणजे म्हणत होताच. शेवटी गोपीनाथच्या बायकोनं, तुळसानं, हार मधोमध तोडला, अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे बांधला. "झेंडू काय भांरत नाय, तुमीच भांरता," असं म्हणून ती चहा टाकायला निघून गेली.

कळव्याच्या खाडीकाठची ती वखार. मुरबाडकडच्या रानातून लाकूड बैलगाड्यांनी कल्याण बंदरावर उतरायचं आणि तिथून पडावानं खाडीतून इथे यायचं. साग थोडा, ऐन जास्त. ओंडका आला की आधी बायका त्याची साल सोलायच्या, कारण सालीत रुतलेली माती आणि वाळू करवतीचे दात खाते. मग रघु आणि त्याची माणसं त्याच्या तुळया पाडायची. एक जण वर, एक जण खाली, मध्ये सहा फुटांची करवत. दिवसाला एक तुळई पडली तर रघु मिशीवर हात फिरवायचा.

गोपीनाथ मुंबईत एका वर्कशॉपात सात वर्षं फिटर होता. कल्याणच्या छावणीतलं लढाईचं सामान लिलावात निघालं तेव्हा त्यानं तिथलं एक तेलाचं इंजिन उचललं, तेही घरी न विचारता. ते पाच वर्षं ताडपत्रीखाली पडून होतं आणि गाव त्याला 'गोपीची म्हैस' म्हणत होतं. यंदा, चोपन्न साली, त्या म्हशीनं दूध द्यायचं ठरवलं. गोपीनाथनं नोकरी सोडली, कुठून तरी जुनी पट्टा-करवत आणली. दोन मोठ्या चाकांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा, माणूसभर उंच. आणि शेजारी स्वतःच्या डोक्यातून काढलेलं दुसरं यंत्र उभं केलं: ओंडका जागच्या जागी गरगर फिरवायचा आणि आठ पात्यांचा रूळ त्याच्यावर धरून साल उतरवायची. त्याचं नाव तुळसानं ठेवलं, सोलणी.

पंढरीबाबांचा न्याय म्हणजे एक घाव दोन तुकडे. चहा पिता पिता सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, "आज म्हैपतराव येतान. डोंबिवलीच्या शालेचं काम हाय त्यांचं, चोवीस तुलया पायजेत, सोमवारपातूर. यंत्रानं कापून दाखवलं तर काम आपलं, आनि उद्यापासून सालीच्या बाया बंद. नाय कापलं तर यंत्र भंगारान आनि गोपी परत मुंबईला. मना दोन डगरींवर पाय ठेवाचा नाय."

"बाबा, बायका बंद कशाला? मी काही—" गोपीनाथ म्हणाला.

"मंग सोलनी कशाला केलीस? शोभेला?"

यंत्र बनवताना गोपीनाथनं पात्यांचा विचार केला होता, दट्ट्यांचा केला होता, पट्ट्याच्या ताणाचा केला होता. सालीच्या बायका हा त्याच्या हिशेबातला भागच नव्हता. त्यानं हळूच आत्याकडे, ठमाबाईकडे, बघितलं; सालीच्या बायका तिच्याच हाताखालच्या. ती दाराशी उकिडवी बसून बशीतला चहा पीत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

*

ठमाबाई पंढरीबाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली ती वखारीतच रुजली. भावाची बायको दोन लहान पोरं मागे ठेवून गेली तेव्हा रघु आणि गोपी तिच्याच मांडीवर वाढले. पण तिला कोणी विचारलं असतं की तू काय करतेस, तर तिनं पोरं सांगितली नसती, साल सांगितली असती. हाताखाली सहा बायका, हातात साल तासायचा वाकस. ऐनाची ती मगरीच्या पाठीसारखी साल ती अशी उतरवायची की आतलं लाकूड ओरखडायचं नाही. ती साल मग चेंदणीचे कोळी न्यायचे, उकळून तिच्या रंगात जाळी बुडवायला. जाळं टिकलं की कोळणी म्हणायच्या, ठमाबाईची साल.

उद्यापासून घरात बसायचं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं घरात बसून काय करायचं, तर सुनांच्या स्वयंपाकात मीठ कमी आहे की जास्त ते सांगायचं. तिला त्याची भीती वाटत होती. खरी, पोटातली भीती.

आणि तिला गोपीनाथ हरायलाही नको होता. यंत्र जिंकायला नको आणि पोरगा हरायला नको, या दोन गोष्टी एकदम देवाकडे मागता येईनात, म्हणून तिनं पहाटे नुसता दिवा लावला होता आणि काही न मागता वखारीत आली होती.

दहाच्या सुमाराला ठेकेदार महिपतराव आले. मूळचे साताऱ्याकडचे, अंगानं आडवे, डोक्याला काळी टोपी आणि हातात खिशातलं घड्याळ. त्यांनी तुळसाच्या हातचं पाणी घेतलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "पंढरीनाथ, मला भाषण नको. लाकूड दाखवा."

गोपीनाथनं इंजिनाचं चाक फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि धडधडायला लागलं. वखारीचे पत्रे थरथरले. कळव्याची निम्मी माणसं कुंपणाशी जमली होती, ती एक पाऊल मागे सरली आणि मग लाजून दोन पावलं पुढे आली.

ओंडका सोलणीवर चढला. रूळ टेकला. आणि साल अशी उडायला लागली की बघणाऱ्यांचा आ वासलेला मिटेना. बायकांना ज्याला दीड तास लागायचा ते काम महिपतरावांच्या घड्याळात पाच मिनिटांत उरकलं. आत पिवळसर, ओला, नितळ ऐन.

"पोरानं केलंन खरं," ठमाबाई स्वतःशीच पुटपुटली. शेजारी बसलेल्या कलावतीनं तिच्याकडे रागानं बघितलं. कलावतीला घरी चार तोंडं होती आणि कौतुक करायची तिची आज तयारी नव्हती.

ओंडका रुळांवरच्या गाड्यावर आला, गाडा पट्ट्याकडे सरकला. पट्ट्यानं लाकूड धरलं. भुसा कारंज्यासारखा उडाला, लाकडाचा आंबूस वास वखारभर पसरला. एक हात गेला, दोन हात गेले. कुंपणाशी कोणीतरी शिट्टी मारली. गोपीनाथ हसला. सकाळपासून पहिल्यांदाच हसला.

ठण्ण!

आवाज असा झाला की खाडीतले बगळे उठले. पट्टा तुटला, सापासारखा उसळला आणि त्याचं टोक महिपतरावांच्या टोपीपासून हातभर अंतरावर लाकडी खांबात घुसून थरथरत राहिलं. कोणाला लागलं नाही ही देवाची कृपा. पण महिपतराव टोपी काढून आत बघत राहिले, जणू डोकं अजून आहे की नाही याची खात्री करत होते.

*

पुढचा अर्धा तास जो तो शहाणा झाला होता.

"हे देवाचं झार असनार, देवराईतलं," पंढरीबाबा म्हणाले. "रानातल्या लोकांनी इकू नये ते इकलं, आपून कापू नये ते कापलं."

"देवाचं कशाला?" रघु म्हणाला. त्यानं कंबरेवर हात ठेवले होते. "लोखंडाच्या अंगान जीव नसतो, बाबा. मी बावीस वर्सं करवत वरतंय. करवत हाताला सांगते, हितं गाठ हाय, हितं चीर हाय, सबूर. माज्या करवतीचा एक दात मोरला नाय बावीस वर्सांन. इचारा कनाला पन. इंजिनाला कोन सांगनार सबूर?"

हे तो खोटं बोलत नव्हता. रघुची करवत सगळ्या खाडीपट्ट्यात नावाजलेली होती. माणसांनी माना डोलावल्या. धाकट्यावर त्याचा राग नव्हता, पण आज एवढ्या लोकांदेखत आपली करवत जिंकली याचं समाधान त्याला लपवता येत नव्हतं, आणि लपवायचंही नव्हतं.

महिपतरावांनी घड्याळ बघितलं. "पंढरीनाथ, तुमच्या पोराची हुशारी मला दिसली. पण सोमवारी माझे गवंडी भिंतीवर चढून बसणार. त्यांना मी काय देऊ, हुशारी? चारची गाडी आहे. मी मुंबईच्या बाजारात बघतो."

"जेवून तरी जा," पंढरीबाबा म्हणाले. यजमानाला दुसरं काही सुचत नाही तेव्हा तो जेवायला थांबवतो.

या गडबडीत ठमाबाई उठून सोलणीच्या मागे गेली होती. सवयच ती, ओंडका सोलून झाला की सालीच्या ढिगाला हात लावायचा. यंत्रानं सालीच्या चिंध्या केल्या होत्या, पण पडली होती ओळीनं, बुंध्याकडची बुंध्याशी, शेंड्याकडची शेंड्याशी. ती बसली आणि तुकडे उलथेपालथे करू लागली. बुंध्यापासून तीन हातांवर तिच्या बोटांना एक तुकडा लागला, तळहाताएवढा. साल सगळीकडून उभी फाटलेली, आणि या तुकड्यात मात्र ती गोल वळलेली, मध्ये एक खळगा, भोवती घड्या.

बेंबी.

हा शब्द तिचा आणि तिच्या बायकांचा. पुरुषांना तो ठाऊकही नव्हता. रानातल्या गावांत कोणाला बाहेरचं लागलं की भगत त्याला शिवेवरच्या झाडाकडे नेतो आणि ते भूत खिळवून टाकतो, म्हणजे मंत्र म्हणून झाडात चांगला वीतभर लांबीचा खिळा ठोकतो. माणूस बरा होतो किंवा होत नाही. झाड मात्र वाढत राहतं. दहा वर्षांत साल खिळ्यावर मिटते, वीस वर्षांत खिळा लाकडाच्या पोटात जातो, आणि वर उरते एवढीच खूण. साल निघाली की खूणही गेली. सोललेल्या नितळ लाकडावर हात फिरवून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं की आत लोखंड आहे.

म्हणजे यंत्रानं सोललं चांगलं, तिथेच ते फसलं.

तिनं तुकडा झटकन ओच्यात खोवला. आजूबाजूला बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं. गप्प राहिलं की झालं. यंत्र भंगारात जाईल, उद्या सकाळी कलावती येईल, बाकीच्या येतील, वाकस हातात येईल. आणि यात खोटं असं काहीच बोलायचं नव्हतं. नुसतं बोलायचं नव्हतं.

ती ओच्यावर हात दाबून उभी राहिली.

गोपीनाथ जमिनीवर बसला होता. तुटलेल्या पट्ट्याची दोन टोकं दोन हातांत धरून बघत होता. शेजारी तुळसा उभी होती, तिला काही सुचत नव्हतं म्हणून तिनं त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला होता.

"चूक माझीच आहे," तो तुळसाला म्हणाला. "पट्टा जास्त ताणला मी. मापात चुकलो. सात वर्षं काम केलेलं मी, आणि हे साधं माप चुकलो. दादा म्हणतो ते बरोबर आहे."

ठमाबाईनं ते ऐकलं. चूक त्याची नव्हती. हा पोरगा मुंबईला परत जाईल आणि मरेपर्यंत न केलेली चूक उगाळत बसेल, आणि ती केलेली नाही हे अख्ख्या जगात एकट्या तिला ठाऊक असेल. घरात बसायचं ते बसायचं, पण हे पोटात घेऊन कसं बसायचं? तिला स्वतःचाच राग आला आणि तो राग घेऊनच ती गर्दीत घुसली.

*

"माप चुकलं नाय," ती म्हणाली. "पट्टा बरोबर व्हता. खिला हाय लाकरान."

रघु हसला. "खिला? ऐनान? आत्या, बावीस वर्सांन मना एक खिला भेटला नाय."

"रघ्या, पाचर आन."

"अगो पन—"

"आन म्हंतंय ना!"

तिनं ओच्यातला तुकडा काढला, ओंडक्याच्या बुंध्यापासून तीन हात मोजले आणि तुकडा लाकडावर ठेवला. "हितं मार."

पाचर रघुनंच मारली. लहानपणापासून आत्यानं आवाज चढवला की त्याचे हात आपोआप कामाला लागायचे. पट्ट्यानं पाडलेल्या चिरेत पाचर शिरली, दुसरा घाव, तिसरा घाव, आणि ओंडका कर्र करत उघडला. आत लाकूड निळंकाळं झालेलं. त्या काळोखात वीतभर लांबीचा गावठी खिळा आडवा पडलेला, आणि मध्यावर, पट्टा लागला तिथे, चांदीसारखा चकाकत होता.

गोपीनाथ पट्टा टाकून उठला. त्यानं खिळ्याला हात लावला, मग आत्याकडे बघितलं, पुन्हा खिळ्याकडे.

"तुला कसं कळलं?"

"बेंबीवरून." तिनं थोडक्यात सांगितलं, भगत, भूत, खिळा. "तुजी सोलनी बेंबी बघत नाय, लेका. बेंबीसकट सोलते."

रघु अजून पाचर हातात धरून होता. "येक भेटला खिला," तो म्हणाला. "मंग मना कसा कवा नाय भेटला?"

"कसा भेटंल? मी भेटू दिला तवा ना." ती वळली. "तुले, जा गो. माज्या खाटेखाली तुपाचा डबा हाय. पत्र्याचा. दोन हातांनी उचल, लय जर हाय."

तुळसा डबा छातीशी धरून आणेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. ठमाबाईनं झाकण काढलं आणि डबा भुशावर उपडा केला.

खिळे. गंजलेले, वाकडे, चौकोनी डोक्याचे, बोटाएवढे, वितीएवढे. शंभर असतील, दोनशे असतील. पडतच राहिले. पुढच्या रांगेतली माणसं झटकन मागे सरली, कारण प्रत्येक खिळ्यात कोणाचं ना कोणाचं भूत होतं आणि ते मोकळं सुटलं तर कोणाच्या मानगुटीवर बसेल याचा नेम नव्हता. महिपतराव तेवढे पुढे झाले आणि त्यांनी एक खिळा उचलून उन्हात धरला.

"बेंबी दिसली की आमी खिला उपटताव," ठमाबाई म्हणाली. "नाय उपटला तर ओंडका असा फिरवून ठेवताव का रघुची करवत तिथं जात नाय. रस्त्यान टाकवत नाय, खारीन टाकवत नाय. म्हनून डब्यान."

"आनि येवरी वर्सं बोलली नाय?" पंढरीबाबांचा आवाज चढला. "वखार माजी, आनि मना ठाव नाय?"

"इचारलंस कवा?"

कुंपणाशी कलावती पदर तोंडाला लावून हसत होती.

सगळ्यांत वाईट गत रघुची झाली होती. तो भुशात उकिडवा बसला आणि खिळे चिवडू लागला. बावीस वर्षांची कीर्ती त्याच्यासमोर गंजून पडली होती. त्यानं करवत चांगली ओढली होती यात शंका नाही. पण तिचे दात शाबूत राहिले ते सात बायकांनी वाकसाच्या टोकानं राखले होते, आणि त्या सात बायकांना तो रोज सकाळी 'आवरा गो लवकर' म्हणून ओरडत होता. ठमाबाईला वाटलं, आता हा चिडेल. हक्कच होता त्याला.

रघु उठला. हात झटकले. "बाबा," तो म्हणाला, "मना छिन्नी द्या. आत्या दाखवंल तिथले खिले मी कारतंय. गोपी, दुसरा पट्टा हाय ना तुज्याकर?"

"एकच आहे, दादा. तो तुटला तर संपलं."

"नाय तुटनार."

ज्याची करवत हरली होती तोच इंजिनाच्या बाजूला येऊन उभा राहिला. पंढरीबाबांनी एकदा या पोराकडे बघितलं, एकदा त्या. दोघं एका बाजूला असं त्यांनी गेल्या पाच वर्षांत बघितलं नव्हतं.

"थांबा," ठमाबाई म्हणाली. "मी दाखवीन, पन माजं आयका आदी. साल सोलू दे यंत्राला, मना तिचा सोस नाय. गुडघे गेले माजे. पन माज्या नि माज्या बायांच्या हाताखालून गेल्याबिगर येक लाकूर सोलनीवर चरनार नाय. सातीच्या साती बाया ऱ्हातील. पंढरी, तू हो म्हन, मंग मी हात लावतंय."

"आदी कापून तरी दाखव. मंग बघू."

"मंग बघू, मंग बघू म्हनत चालीस वर्सं गेली. आता म्हन."

पंढरीबाबांचा पीळ सुंभ जळला तरी जाणारा नव्हता. मग बोलले ते महिपतराव. "पंढरीनाथ, तुम्ही हो म्हणा की नका म्हणू. पण ऐकून ठेवा. मला या बाईंनी बघितलेलं लाकूड द्याल तर मी चारची गाडी सोडतो. नुसत्या यंत्राचं द्याल तर मी आत्ताच निघालो. माझ्या टोपीनं आज एकदा बघितलंय."

गर्दीत हशा उसळला. पंढरीबाबा हसले नाहीत, पण त्यांचे खांदे उतरले.

"बरं," ते म्हणाले. "हो."

*

दुसरा ओंडका अंगणात आडवा झाला आणि सात बायका त्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या. कोणी कुऱ्हाड घेतली नाही, वाकस घेतला नाही. नुसते तळहात. ऐनाच्या खरबरीत सालीवरून सात जणींचे हात सावकाश सरकत होते. इंजिन एका बाजूला धडधडत होतं आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"हितं," कलावती म्हणाली.

ठमाबाईनं जाऊन चाचपलं. "ती गाठ गो. फांदी मोरली त्याचा डोला. बेंबी वेगली." दोन हात पुढे तिचा स्वतःचा हात थांबला. "ही बघ. रघु, ये."

रघुनं छिन्नी लावली. चार बोटं आत लोखंड लागलं. त्यानं खिळा उपटला आणि गोपीनाथला दाखवला, आणि दोघं भाऊ एकमेकांकडे बघून हसले. ओंडका उलटवला. दुसरी बेंबी. दुसरा खिळा.

"झालं?" गोपीनाथनं विचारलं.

ती पुन्हा एकदा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गेली. डोळे मिटून गेली. मग तिनं हो म्हणून मान हलवली, आणि मान हलवताना तिच्या लक्षात आलं की आता चूक झाली तर ती तिची. तिनं हात पदरात गुंडाळले.

सोलणीनं साल उडवली. गाडा सरकला. शेवटच्या पट्ट्यानं लाकूड धरलं. एक हात. दोन हात. तीन, मघाशी पट्टा तुटला ती जागा. चार. पाच. लाकडातून पट्टा असा चालला होता की पाण्यातून होडी जावी. तुळसानं डोळे गच्च मिटले होते आणि ती दर हाताला विचारत होती, "गेला? गेला?" बारा हात. तेरा. आणि फळी सुटून बाजूला पडली, गुळगुळीत, सरळ, एका अंगाची.

"सात मिनिटं," महिपतराव ओरडले. स्वतः ओरडले. "पंढरीनाथ, सात मिनिटं!"

मग काय, कळव्यानं तो दिवस डोक्यावर घेतला. कुंपण मोडलं. रघुनं धाकट्याला कंबरेत धरून उचललं, भुशात आपटलं आणि स्वतःही शेजारी पडला. कोणीतरी करवतीचा अर्धा हार काढून ठमाबाईच्या गळ्यात घातला, तिनं तो "मेल्यांनो, मी विधवा बाई" म्हणत काढला आणि कलावतीनं तो परत घातला. या खेपेला तिनं राहू दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही.

चार वाजेपर्यंत पाच तुळया पडल्या. चारची गाडी खाडीपुलावरून शिट्टी मारत निघून गेली आणि महिपतराव तुळसाच्या हातची भाकरी खात त्या गाडीकडे बघत राहिले. अजून बैठक मोडायचं कोणाच्या मनात नव्हतं. त्यांना उजेडात आणखी एक तुळई बघायची होती, आणि पंढरीबाबांना ती दाखवायची होती. पाहुणा खुशीत आहे, गाव बघतंय, इंजिन गरम आहे. मालकाला याहून चांगली वेळ कोणती?

सहाव्या तुळईचा ओंडका अंगणात आला. बायकांचे हात फिरले. सहा जणींनी 'काही नाही' म्हणून माना हलवल्या. माणसांनी ओंडका उचलायला दोर टाकले. गोपीनाथचा हात खटक्यावर होता, आणि पंढरीबाबांनी पाहिलं की तो त्यांच्याकडे बघत नाही. रघुही बघत नव्हता. दोर धरलेली माणसंही नव्हती. पंढरीबाबांनी जन्मभर या वखारीत हात वर केला की काम सुरू व्हायचं आणि खाली केला की थांबायचं. आज त्यांनी सवयीनं हात वर केला, आणि तो हवेत तसाच राहिला.

सगळे ठमाबाईकडे बघत होते. ती ओंडक्याच्या शेंड्याशी बसली होती, कान सालीला लावल्यासारखी. एकाच जागी तिचा अंगठा फिरत होता.

"बाय," पंढरीबाबा म्हणाले, "पावने खोलंबलेत. चालव म्हन ना."

तिनं वर बघितलं नाही.

"थांब," ती म्हणाली.

पंढरीबाबांनी वर केलेला हात खाली घेतला आणि थांबले.